हौद्यातला मंगळ

इंगवले मास्तर तालमीत आले ते चपला बाहेर काढून,
वस्तादांना म्हणाले, माती पाहिजे.
किती?
एक ग्रहभर.

त्र्याहत्तर साल. मी वीस वर्षांचा,
वजन शहाऐंशी किलो, मान खांद्यातच संपलेली.
मास्तर सकाळी शाळेत भूगोल शिकवायचे
आणि रात्री स्टुडिओच्या बंद पडलेल्या शेडमध्ये
सिनेमा लिहायचे: माणसं मंगळावर जातात,
परतीचं इंधन नाही, हे त्यांना निघतानाच ठाऊक असतं.
बास. एवढीच गोष्ट.
बाकी एकशे बारा पानं चित्रं.

यान ओतलं हसन जमादारानं, उद्यमनगरात,
ऑइल इंजिनाच्या रद्द साच्यांतून.
पुढून बघितलं तर यान, मागनं बघितलं तर पाण्याचा पंप.
चालतंय, मास्तर म्हणाले,
मागनं बघायला तिथं कोण असणाराय?

माती आम्ही दिली. तेल, ताक, हळद
आणि तीन पिढ्यांचा घाम जिरलेली, चार बैलगाड्या.
मास्तरांनी तिच्यात अभ्रकाचा चुरा मिसळला,
दिव्याखाली ती परकी दिसावी म्हणून.
दिसली.
रोज जी तोंडात जायची, नाकात जायची,
ती मला ओळखू आली नाही.

मग आम्हाला छताला टांगलं.
आठ पैलवान, मोटेच्या जुन्या नाड्यांनी,
अंगात चंदेरी रेक्झिन,
डोक्यावर पितळी घागरी कापून केलेली शिरस्त्राणं.
लहानपणापासून आम्ही एकच शिकलेलो: पाय रोव.
आणि मास्तर खालून ओरडत होते, सोडा, अंग सोडा,
तुम्हाला वजन नाही!
बंडा सरनाईक वरून म्हणाला,
मास्तर, म्हणजे खुराक बंद काय?

तिसऱ्या रात्री जमलं.
मी आणि बंडा हवेत समोरासमोर आलो,
सवयीनं हात मानेवर गेले,
मी ढाक मारली, आणि आम्ही दोघं
एकमेकांना धरून सावकाश
गोल
फिरत राहिलो.
कुणीच पडेना.
पाठ टेकायला खाली काही नव्हतंच.
नाडे तेवढे करकरत होते.
मास्तर हळू म्हणाले, हाच. हाच शॉट.
कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

फिल्मचा परवाना मुंबईत अडकलेला,
पैसा गुळात. शाहूपुरीचे अडते बाबगोंडा पाटील
आले, बसले, सगळी चित्रं नीट पाहिली,
विचारलं, लावणी कुठाय?
मास्तर म्हणाले, तिथं हवा नाही, आवाज पोचत नाही.
मग बिनआवाजाची घाला.
मास्तरांनी दोन दिवस खरंच विचार केला,
एकशे तेरावं पान काढलं:
एक बाई, लाल मैदान, पायांत घुंगरं, शांतता.
मला अजून वाटतं, तेच सगळ्यात चांगलं पान.
तोवर गुळाचा दर पडला.

यान जमादारानं परत वितळवलं.
कागलच्या बाजूला कुठल्यातरी मळ्यात
ते पाणी उपसत असेल. किंवा नसेलही,
ती इंजिनं तरी किती वर्षं टिकणार.
मास्तर निवृत्त होईपर्यंत भूगोलच शिकवत राहिले.
रंकाळ्यावर भेटले की माझं वजन विचारायचे,
मी खरं सांगायचो,
ते हसायचे.

माती तेवढी तालमीत परत आली.
चाळली, ताक घातलं, लिंबं पिळली,
अभ्रक गेला नाही.
आता माझे गुडघे गेलेत,
कट्ट्यावर बसून पोरांच्या जोडी लावतो.
निकालावरून वाद झाला की
दोघांना दिव्याखाली पाठमोरं उभं करतो.
ज्याची पाठ चमकते, तो पडलेला.

काल एक पोरगं तसंच निघालं घरी,
आंघोळ न करता, सायकलवर टांग टाकून.
म्हटलं, अरे, पाठ तरी धू.
म्हणालं, असू द्या वस्ताद,
अंधारात मागनं ट्रकवाल्याला दिसतंय.